पक्षी आले, पाण्याचे काय?

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही दहा-बारा जण येरवड्याच्या बाजूने नदीकाठी उतरलो. मुळा-मुठेच्या काठावर उरलेल्या झाडीच्या या तुकड्याला पुणेकर डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणतात. पाऊस ओसरला होता, पाणी उतरले होते, खडक आणि चिखलाची बेटे उघडी पडली होती. समोरच्या काठावर कोरेगाव पार्कच्या इमारती, पाठीमागे वाहनांची घरघर, आणि मधल्या उथळ पाण्यात लाल काटक्यांसारख्या पायांवर उभे असलेले शेकाटे.

आमच्यात सत्तरीच्या एक काकू होत्या. यजमान गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती. रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर मीच त्यांना सांगितले होते की रविवारी सकाळी पक्षी बघायला जाणाऱ्या मंडळींबरोबर चालायला या. त्या दिवशी त्यांनी नातवाची दुर्बीण आणली होती आणि शेकाटे मोजत होत्या. शंभरावर पोहोचल्यावर त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, एवढे पक्षी आलेत म्हणजे नदी सुधारली म्हणायची, नाही का?"

त्याच वेळी वाऱ्याबरोबर कुजक्या अंड्यासारखा वास आला. काकूंनी पदर नाकाला लावला आणि उत्तराची वाट बघत राहिल्या. मी काहीतरी गुळमुळीत बोलून विषय टाळला. पण हा प्रश्न दर हिवाळ्याच्या तोंडावर कोणी ना कोणी विचारतेच. पक्ष्यांच्या थव्यांची छायाचित्रे पाहून अनेकांचा समजही तसाच होतो. म्हणून त्याचे नीट उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

आधी या फेरीच्या बाजूने जे बोलायचे ते बोलतो, कारण मी पुढेही रुग्णांना ती सांगणारच आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे तेराशे लोकांना दोन आठवडे, दिवसातून तीन वेळा, मोबाइलवर विचारले गेले: आत्ता पक्षी दिसतोय किंवा ऐकू येतोय का, आणि मनाला कसे वाटते आहे? पक्ष्याचे दर्शन किंवा आवाज आणि मन बरे असणे यांचा संबंध दिसला. तो परिणाम काही तास, आठ तासांपर्यंत, टिकत होता. नैराश्याचे निदान झालेल्यांमध्येही तो आढळला. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर तर २०१८ पासून डॉक्टर औषधांच्या जोडीला निसर्गातल्या फेरफटक्यांची रीतसर शिफारस करतात.

या अभ्यासाला मर्यादा आहेत. त्यात भाग घेणारे स्वतःहून आले होते आणि संबंध दिसला म्हणून कारण सिद्ध होत नाही. नैराश्याच्या रुग्णाने गोळ्या बंद करून दुर्बीण घ्यावी, असे कोणीही म्हणणार नाही. पण पहाटे उठणे, तासभर सावकाश चालणे, लांबच्या एका ठिपक्यावर नजर स्थिर करणे, चार माणसांशी बोलणे, या गोष्टींना दुष्परिणाम नाहीत आणि खर्च जवळपास नाही. काकूंना आता रविवारी दुपारी झोप लागते, एवढे मी स्वतः ऐकले आहे.

औषध लिहून देताना मात्र ते कुठे मिळते आणि कोणत्या प्रतीचे मिळते, हेही डॉक्टरने बघायला हवे. आमच्या या औषधाचे दुकान म्हणजे नदीचा काठ. आणि गाडी अडते ती तिथेच.

शरद ऋतूची आपल्याकडे एक वेगळी कीर्ती आहे. चरकसंहितेत ऋतुचर्या सांगताना या दिवसांतल्या पाण्याला 'हंसोदक' म्हटले आहे. दिवसा उन्हाने तापलेले, रात्री चांदण्याने निवलेले, अगस्तीचा तारा उगवल्यावर निर्मळ झालेले पाणी. पिण्याला आणि स्नानाला उत्तम. पाण्याच्या शुद्धतेला पक्ष्याचे नाव द्यावे, ही कल्पना मला फार आवडते. पावसाळ्यातला गाळ बसतो आणि नद्या निवळतात, हे त्यामागचे साधे निरीक्षण आहे.

पुण्यात आता याच्या नेमके उलटे घडते. पावसाळ्यात खडकवासला साखळीतल्या धरणांतून पाणी सोडले जाते तेव्हा मुठा गढूळ असते, पण वाहती असते. सप्टेंबर सरता सरता विसर्ग थांबतो. धरणातले पाणी शहराच्या नळांना आणि शेतीच्या कालव्यांना जाते. नदीच्या पात्रात त्यानंतर जे वाहते त्यात मोठा वाटा असतो आपल्या घरांतून बाहेर पडलेल्या पाण्याचा, काही प्रक्रिया केलेले आणि काही न केलेले. म्हणजे शरद आला की नदी निवळत नाही, दाट होते. आणि नेमक्या याच आठवड्यांत उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागतात.

सुरुवातीलाच येतो शेपटी हलवत दगडावरून दगडावर जाणारा करडा धोबी. त्याच्या आगेमागे तुतवार. मग थापट्या बदके, त्यांच्या फावड्यासारख्या चोचींसकट. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाटच्या बंधाऱ्यावर गेलात तर चक्रवाकही दिसतात. हिमालय ओलांडताना चक्रवाक ६,८०० मीटरपर्यंतच्या उंचीवरून उडतात, असे उपग्रहाद्वारे माग काढणाऱ्या अभ्यासात आढळले आहे. एवढी मजल मारून आलेला पक्षी बंधाऱ्याखाली साबणासारख्या फेसाच्या कडेला पंख साफ करत बसलेला असतो आणि वरच्या काटेरी झुडपांना पावसाळ्यात वाहून आलेले प्लास्टिक लटकत असते. तिथल्या छायाचित्रकारांना चौकटीतून फेस वगळण्याचे कसब चांगले साधले आहे.

मग पक्षी येतातच का? कारण त्यांना तिथे खायला मिळते. सांडपाण्यात सेंद्रिय पदार्थ भरपूर असतात. ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवत जातात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी झाला की चोखंदळ मासे आणि नाजूक कीटकांची पिल्ले मरतात किंवा निघून जातात. उरतात ते कमी प्राणवायूवर तगणारे जीव: चिखलातले बारीक गांडूळवर्गीय किडे आणि डासांसारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखे हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या लाल दिसतात आणि म्हणूनच तिथे जगू शकतात. स्पर्धक उरले नाहीत की या अळ्यांची संख्या बेसुमार वाढते. शेकाट्याला, तुतवाराला, धोब्याला हे वाढलेले ताट आहे. पाणी गाळून खाणाऱ्या थापट्यालाही असे सत्त्वयुक्त पाणी मानवते.

आता दुसरे पक्षी आठवा. टिबुकली बुडी मारून पाण्याखाली भक्ष्याचा पाठलाग करते. तिरंदाज पाण्यात शिरून मासा टोचतो. नदीसुरय वरून मासा हेरून सूर मारतो. या सगळ्यांना पाण्यात दिसावे लागते आणि पाण्यात मासे असावे लागतात. जलपर्णीचा गालिचा पसरला की बुडी मारणाऱ्यांची उघडी जागाच जाते.

तेव्हा काकूंच्या प्रश्नातला 'किती' हा शब्द बदलून 'कोणते' हा शब्द घालायला हवा. शंभर शेकाटे हा नदीच्या तब्येतीचा दाखला होत नाही. ते एखाद्या रक्ततपासणीतल्या वाढलेल्या आकड्यासारखे आहेत. पांढऱ्या पेशी खूप वाढल्या म्हणून कोणी पेढे वाटत नाही, जंतुसंसर्ग कुठे आहे ते शोधतो.

ही समज नवी नाही. पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी सुरू करणारे दिवंगत प्रकाश गोळे यांनी १९८४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या प्रदूषित नदीवरच्या पक्ष्यांविषयी एक लेख लिहिला होता. चाळीस वर्षांपूर्वी या शहरातला एक माणूस पक्षी बघताना पाणीही बघत होता. नंतर आपल्या दुर्बिणी चांगल्या झाल्या, कॅमेरे लांब पल्ल्याचे झाले, पाण्याकडे बघण्याची सवय मात्र मागे पडली.

पाण्याहूनही काळजी आहे ती चिखलाची. २०१७ मध्ये 'वॉटर रिसर्च' या नियतकालिकात मुठेच्या गाळाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शहराच्या वरच्या अंगाचा आणि शहरातला गाळ घेऊन त्यातली जनुके तपासली होती. प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमता जिवाणूंना देणारी आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारी १७५ जनुके त्यात सापडली. वरच्या भागाच्या तुलनेत शहरातल्या गाळात अशा जनुकांचे प्रमाण सुमारे ३० पट होते. अतिदक्षता विभागात इतर औषधे हरल्यावर वापरली जाणारी कार्बापेनेम गटाची औषधे निकामी करणारी जनुकेही त्यांत होती.

ती कुठून आली, हे सांगायला तज्ज्ञ नको. आपण घेतलेल्या प्रतिजैविकाचा काही भाग शरीरातून तसाच बाहेर पडतो. त्याला तोंड देऊन तगलेले आपल्या आतड्यातले जिवाणूही त्याच वाटेने जातात. घर, दवाखाना, रुग्णालय, सगळ्यांची वाट शेवटी एकच. प्रक्रिया न होता हे सगळे नदीत उतरले की गाळ ही त्या जनुकांच्या देवघेवीची बाजारपेठ होते. काठावरून चालणाऱ्याला यातून लगेच काही होणार नाही, घाबरण्याचे कारण नाही. धोका आहे तो त्या पाण्यात उतरणाऱ्यांना, मासे धरणाऱ्यांना, गुरे पाजणाऱ्यांना, त्या पाण्यावर भाजी पिकवणाऱ्यांना. दीर्घ मुदतीचा धोका आपल्या सगळ्यांना आहे, कारण औषधांना न जुमानणारे जिवाणू महापालिकेची हद्द पाळत नाहीत.

नदीही पाळत नाही. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीत. भिगवण-कुंभारगावला रोहित पक्षी बघायला आपण ज्या जलाशयावर जातो तो हाच. तिथून सोलापूर शहराला पिण्याचे पाणी जाते. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधले दिवस महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरे होतात. पक्ष्यांना मराठीत नावे मिळवून देण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या माणसाच्या गावाला आपण काय पाठवतो आहोत, हा विचार पुणेकरांनी त्या आठवड्यात तरी करावा.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. सांडपाणी शुद्ध झाले तर शेकाटे कमी होतील का? होऊ शकतात. अळ्यांचे ताट आटेल आणि काही थवे दुसरीकडे जातील. म्हणून पक्षिप्रेमींनी शुद्धीकरणाला नाक मुरडावे का? अजिबात नाही. माणसांच्या आरोग्याशी तडजोड करून जमवलेली गर्दी टिकवण्याच्या लायकीची नसते. पाण्यात प्राणवायू परतला तर मासे परततील आणि त्यांच्या मागे टिबुकली, तिरंदाज, सुरय येतील. फक्त त्यांना उतरायला जागा उरली पाहिजे.

आणि जागेचा प्रश्न आज ऐरणीवर आहे. पाणी शुद्ध करण्यासाठी जपानच्या 'जायका' या संस्थेच्या कर्जातून ११ नव्या शुद्धीकरण केंद्रांचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. त्यांची एकूण क्षमता दिवसाला ३९.६ कोटी लिटर. काम वर्षानुवर्षे रेंगाळले. दुसरीकडे ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली. काठ स्वच्छ असावा, माणसाला नदीपर्यंत जाता यावे, ही इच्छा रास्त आहे. माझ्या रुग्णांनाही चालायला चांगली वाट हवीच आहे. पण शेकाट्याचे पाय वीतभर असतात आणि तुतवाराचे जेमतेम बोटभर. त्यांना लागतो हळूहळू उतरत जाणारा, ओला, चिखलाचा, कुठे गवताचा काठ. एकीकडे सरळ बांधीव कड आणि दुसरीकडे खोल पाणी, असे झाले की पाणी कितीही शुद्ध असो, पक्ष्याला उभे राहायला जागा नाही. माणसाच्या दृष्टीने जो काठ 'अस्वच्छ' दिसतो, तोच बहुतेकदा नदीचे काम करणारा काठ असतो. तिथली मुळे आणि गाळ पाण्यातली पोषकद्रव्ये अडवतात, पुराला पसरायला जागा देतात.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. आधी पाणी, मग सुशोभीकरण. आणि सुशोभीकरणातही येरवड्यासारखे उथळ, झाडीचे पट्टे जसेच्या तसे राहू द्यावेत. महापालिकेने अशा प्रत्येक जागी एक साधा फलक लावावा. त्यावर दर महिन्याला तीन आकडे असावेत: पाण्यात विरघळलेला प्राणवायू, सेंद्रिय प्रदूषण दाखवणारा बीओडी, आणि विष्ठेतील जिवाणूंचे प्रमाण. शेजारी तुलनेसाठी स्नानयोग्य पाण्याची मर्यादा लिहावी: प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम. हवेच्या गुणवत्तेचे आकडे आपण आता चौकात वाचतो, मग पाण्याचे का नकोत?

आपल्या बाजूचे कामही आहेच. पक्षी बघायला जाणाऱ्यांनी वही न्यावी. एकाच जागी, साधारण एकाच वेळी, ठरलेली मिनिटे उभे राहून कोणते पक्षी किती, ते लिहावे. न दिसलेल्याचीही नोंद ठेवावी; 'टिबुकली: शून्य' ही माहिती आहे. आणि पानाच्या तळाशी पाण्याविषयी चार शब्द: वास, फेस, रंग, जलपर्णी. एका सकाळच्या यादीवरून काही सिद्ध होत नाही, पण दहा वर्षांच्या याद्यांवरून होते. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२३ चा अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा राहिला. दीर्घकालीन कल ठरवता आला अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के जाती घटल्याचे त्यातून कळले. त्या नोंदी करणारे बहुतेक तुमच्या-माझ्यासारखे हौशी लोकच होते. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते. तिच्यातही कोणालाही भाग घेता येतो.

डॉक्टर म्हणून दोन सूचना. नदीच्या पाण्यात वा चिखलात उतरू नका, घरी आल्यावर हात आणि बूट धुवा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कारण डेंग्यूचा मोसम अजून संपलेला नसतो. आणि मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, वन विभागाला किंवा पशुवैद्यकीय खात्याला कळवा. राजस्थानात सांभर सरोवरावर नोव्हेंबर २०१९ मध्ये हजारो पाणपक्षी बॉट्युलिझमने मेले. तिथे मेलेले पक्षी लवकर उचलणे हाच साथ रोखण्याचा एक मोठा उपाय होता.

काकूंना मी पुढच्या रविवारी उत्तर दिले. म्हटले, नदी अजून आजारी आहे, आणि तुम्ही मोजलेले शंभर शेकाटे हे तिचे लक्षण आहे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मला वाटले, फेरीतला आनंद मी घालवला. पण त्यांनी पिशवीतून नातवाची जुनी दोनशे पानी वही काढली आणि विचारले, "मग बरी होतेय हे कशावरून ओळखायचे?" मी टिबुकलीचे नाव सांगितले. त्यांनी रकाना आखला, तारीख घातली, वीस मिनिटे पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि शेवटी पूज्य लिहिले.

तो रकाना आता त्या दर रविवारी भरतात.